चिकटवलेली रांगोळी

मी पडले नव्हते. हे आधीच सांगून ठेवते, कारण या गोष्टीत पुढे सगळे ‘आई पडली’ असंच म्हणणार आहेत. डॉक्टर म्हणाले, जितू म्हणाला, पुण्याहून मंजूषा फोनवर म्हणाली. मी बसले होते आणि मला उठता आलं नाही. दोन्हींत फरक आहे. पण सत्तरी ओलांडली की माणसाचं बसणंसुद्धा लोकांना पडणंच वाटतं.

मी नलिनी. भोपाळला बाग सेवनियात आमचं बैठं घर आहे. सासरे नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर इथे आले तेव्हा श्रीकांत शाळेत जात होते. मी लग्न होऊन आले आणि इथलीच झाले. श्रीकांत सिंचन खात्यात नकाशे काढायचे. या घराचा नकाशा त्यांनी इतक्या वेळा खोडून काढला, की शेवटी मीच म्हटलं, आता बांधा तरी. ते होते तोवर मी त्यांना कधी नावानं हाक मारली नाही. आता मारते. आता कोण ऐकायला येणार आहे.

जितू म्हणजे जितेंद्र, आमचा एकुलता एक. पुण्याला असतो. सून मंजूषा चांगली आहे आणि तीच तर पंचाईत आहे. वाईट असती तर भांडून मोकळी झाले असते. त्यांच्याकडे गेले की मला स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नाहीत. ‘आई, तुम्ही आराम करा.’ आठवडाभर आराम केला की मला माझेच हात परके वाटायला लागतात. त्यांच्या खिडकीतून खाली बघितलं तर माणसं दिसतात, पण इतकी लहान की कोण आजारी आहे आणि कोण रुसलंय ते कळत नाही. असल्या खिडकीचा मला काय उपयोग?

यंदा संक्रांतीनंतर मी मोरीत घसरले. ते मात्र पडणं होतं, कबूल. मनगटाला प्लास्टर बसलं. जितू धावत आला आणि म्हणाला, “आई, आता पुरे. चल तिकडे.” मी नाही म्हटलं. तो चिडला, मी त्याहून जास्त चिडले, मग दोघांनी भरपूर आल्याचा चहा घेतला आणि तह केला. तो घर माझ्यासाठी नीट करून देणार, मी त्याचं सगळं ऐकणार.

“आणि पुन्हा काही झालं,” तो म्हणाला, “तर मी ऐकणार नाही. तू मुकाट्यानं बॅग भरायची.”

मी शब्द दिला. देवघराकडे बघून दिला, म्हणजे पक्काच.

मग पोरगा कामाला लागला. बापाचाच मुलगा. भिंतींवर पेन्सिलनं खुणा काय केल्या, टेप काय लावली. मोरीत धरायला दांड्या बसल्या. जमिनीवर न घसरणाऱ्या चटया चिकटल्या. देवघर उंच टेबलावर गेलं आणि त्याच्यासमोर खुर्ची आली. हॉलमध्ये कॅमेरा लागला, कामवाली मीना स्टुलावर चढून तो फिरवतेय आणि जितू हातातल्या फोनमध्ये बघत सांगतोय, “थोडा राइट को. अजून थोडा. बस, दिख रहा है.” माझ्या मनगटावर एक रबरी पट्टा आला, त्यात लाल बटण. ते दाबलं की पुण्याला त्याचा फोन बोंबलणार.

आणि सगळ्यात शेवटी रांगोळी. मी रोज सकाळी दारात वाकून रांगोळी काढते हे त्याच्या डोळ्यांत खुपत होतं. तो बिट्टन मार्केटला गेला आणि चिकटवायची रांगोळी घेऊन आला. मधे कमळ, भोवती मोर, सगळे रंग. “आता वाकायचं नाही,” म्हणाला आणि स्वतः उंबऱ्याबाहेर मांडी घालून ती चिकटवायला बसला. आत हवेचा फुगा राहू नये म्हणून पट्टीनं दाबत दाबत. लहानपणी माझ्या रांगोळीत रंग भरताना याचा एक रंग कधी रेघेच्या आत राहिला नाही. मला ती रांगोळी मुळीच आवडली नव्हती. जी रोज पुसायची नाही ती कसली रांगोळी? पण त्याचं वाकलेलं डोकं मला वरून दिसत होतं. टाळूवर केस विरळ झालेत, श्रीकांतचे झाले होते अगदी तिथेच. माझ्या तोंडून एवढंच निघालं, “छान दिसते रे.”

आता सक्सेनाभाभींबद्दल सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय ही गोष्ट पुढे सरकत नाही.

आमच्या दारासमोर, रस्त्यापलीकडे त्यांचं घर. त्याही एकट्याच. मुलगी परदेशात. आम्ही नवीन राहायला आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्या फाटकापाशी येऊन म्हणाल्या, “भाभी, आपके यहाँ रोज दिवाली है क्या?” त्यांच्याकडे रांगोळी फक्त दिवाळीत. मी म्हटलं, आमच्याकडे दार उघडलं की रांगोळी. त्यांना फार मजा वाटली. त्यांची रीत वेगळी. तव्यावरची पहिली पोळी गायीची, ती त्या कंपाउंडच्या भिंतीवर ठेवतात. गाय येते तिच्या सवडीनं, पोळी मात्र वेळेवर.

श्रीकांत गेले त्यानंतरच्या हिवाळ्यात मला ताप आला आणि मी उठलेच नाही. उन्हं वर आली तसं दार वाजलं. भाभी उभ्या. “रंगोली नहीं दिखी,” म्हणाल्या, आणि आत येऊन परस्पर चहा ठेवला. तेव्हापासून आमचं ठरलं. म्हणजे बोलून काहीच ठरलं नाही. त्यांना कानानं कमी ऐकू येतं, फोनवर बोलणं म्हणजे डोक्याला ताप. पण सकाळी माझी रांगोळी काढून झाली, की मी समोरच्या भिंतीवर पोळी आली का बघते, आणि त्या पोळी ठेवताना माझ्या दारात पांढरं काही दिसतंय का बघतात. दिसलं, की दोघी आपापल्या कामाला. आमच्या दारांची एक-एक किल्ली एकमेकींकडे असते.

हे मी जितूला कधी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे असंच वाटलं नव्हतं.

उन्हाळा लागला आणि अक्षय्य तृतीया आली. आमच्याकडे त्या दिवशी गेलेल्यांच्या नावानं घागर भरतात. कोरी मातीची घागर, गार पाणी, वर खरबूज, समोर पानावर कुरडया, आमरस. ती घागर जमिनीवरच मांडायची असते, पाटावर बसून तिची पूजा करायची असते. खुर्चीत बसून श्रीकांतना पाणी द्यायचं हे काही माझ्या मनाला पटेना. हाताखाली मीनाही नव्हती. लग्नसराई, ती गावी गेली होती. जितू काही बघत नाहीये, एक दिवस खाली बसले तर काय बिघडतंय, असं म्हणून मी पाट मांडला आणि बसले.

पूजा झकास झाली. मी श्रीकांतशी चार गोष्टी बोलले. मग उठायला गेले, तर गुडघा म्हणाला, नाही. दुसऱ्या अंगावर भार घेतला तशी कमरेतून अशी कळ गेली की डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि मी भिंतीला टेकून बसले ती बसलेच.

बटण कुठे होतं? आंघोळीला काढलं, पूजेला रबरी पट्टा नको म्हणून तसंच खुंटीवर राहिलं. फोन फ्रिजवर, चार्जरला. कॅमेऱ्यावर माझा नॅपकिन. तो मी रोज सकाळी आंघोळ-साडी होईपर्यंत टाकते, मुलगा झाला म्हणून काय झालं, आणि त्या दिवशी काढायचा राहिला होता. बसल्या जागेवरून मला सगळं दिसत होतं. जितूनं मायेनं लावलेली प्रत्येक गोष्ट माझ्या डोक्याच्या वर होती. उभ्या माणसासाठी घर एकदम सुरक्षित होतं.

तरी मी घाबरले नव्हते. खरंच नाही. म्हटलं, भाभी पोळी ठेवायला येतील, बघतील, येतील. त्या आल्यावर काय सांगायचं, जितूला कळू द्यायचं की नाही, याचाच विचार करत बसले. घसा कोरडा पडला तशी समोरच्या घागरीतलं पाणी पळीनं काढून प्यायले. श्रीकांतच्या वाटचं होतं, पण त्यांनी मला आयुष्यात कधी पाण्याला नाही म्हटलं नव्हतं. खरबूजही थोडं खाल्लं. कूलर घरघरत होता. बाहेर ऊन चढत होतं. भाभी काही आल्या नाहीत.

उशीर झाला असेल. मान दुखत असेल त्यांची. मग मला वाटलं, त्यांनाच काही झालं का? आणि मग डोक्यात उजेड पडला.

रांगोळी दारात होती.

कमळ होतं, मोर होते, सगळे रंग होते. कालही होती, परवाही होती. मी मेले असते तरी दुसऱ्या दिवशी ती तशीच असती, चकचकीत. भाभींनी भिंतीवर पोळी ठेवली असणार, माझ्या दाराकडे बघितलं असणार, आणि निवांत मनानं आत गेल्या असणार. इतके महिने मी त्यांची पोळी रोज न चुकता बघत होते. आणि माझ्या बाजूची खूण गोंदानं चिकटवून टाकली होती. मुलाला सुचलं नाही हे ठीक, त्याला माहीतच नव्हतं. पण मला कसं सुचलं नाही?

तेव्हा मात्र मी घाबरले. मी मोठ्यानं हाका मारल्या. कॉलनीत प्रत्येक घरी कूलर चालू, भर उन्हात रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि जिनं ऐकायचं तिला ऐकू येत नाही. थोडं रडले. कुणी बघत नव्हतं, म्हणून नीट रडले. मग पदरानं नाक पुसलं आणि ठरवलं, दारापर्यंत जायचं.

बसल्या-बसल्या सरकत निघाले. हे लिहायला सोपं आहे. जितूनं चिकटवलेल्या चटया इतक्या इमानदार, की मलाही घसरू देईनात. एकेक चटई ओलांडायची म्हणजे नाकी नऊ येत होते. कंबर ठणकत होती. पूजेची तांब्याची पळी हातात तशीच राहिली होती, ती टाकावी हेही सुचलं नाही. अर्ध्या वाटेत सोफ्याला टेकून दम खाल्ला आणि जितूला दोन शिव्या दिल्या, प्रेमाच्या, पण शिव्याच.

लाकडी दार सकाळी दूध घेताना उघडलेलं होतं. पुढचं लोखंडी जाळीचं दार बंद, त्याची कडी उंच. हात पोचेना. जाळीतून मला समोरचं घर दिसत होतं. भिंतीवर पोळी नव्हती, म्हणजे ठेवून झाली होती आणि गायीनं खाल्लीही होती. व्हरांड्यात लोणच्याची बरणी उन्हाला ठेवलेली. भाभी ती दुपारी कधीतरी हलवायला येणार, एवढं मला माहीत होतं. आणि आल्या की सवयीनं इकडे बघणार, हेही.

मग मी जाळीच्या खालच्या गजांमधून हात बाहेर घातला आणि पळीच्या टोकानं रांगोळीची कड खरवडायला लागले.

काय चिकटवली होती पोरानं. पण उंबऱ्याबाहेर आता ऊन आलं होतं, फरशी तव्यासारखी तापली होती आणि खालचा गोंद मऊ पडला होता. एक मोर सुटला. मग दुसरा. कोपरापर्यंत हात गजांत अडकत होता, फरशीचे चटके बसत होते. हाताला येईल तेवढं ओढत, गुंडाळत आत घेत गेले. शेवटी कमळ निघालं. दारापुढे नुसती फरशी उरली, गोंदाचे डाग आणि धूळ. मी जाळीला डोकं टेकलं आणि समोर बघत राहिले.

भाभी आल्या. बरणी उचलली, हलवली, ठेवली. डोळ्यांवर हात धरून इकडे बघितलं. मोतीबिंदू आहे त्यांना. पुन्हा बघितलं. मग बरणी तिथेच ठेवून आत गेल्या आणि हातात माझी किल्ली घेऊन, पायात एक चप्पल नीट आणि एक उलटी घालून, भर उन्हात रस्ता ओलांडताना दिसल्या.

“हाय राम, भाभी,” जाळीपाशी येऊन त्या एवढंच म्हणाल्या. मग बाहेरून गजांत हात घालून कडी काढली आणि कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला आणि त्याच्या बायकोला बोलावून आणलं. तिघांनी मिळून मला पलंगावर घातलं. भाभी माझ्या हाताला तूप लावत बसल्या.

“मैंने तो सुबह देखा था,” त्या परत परत म्हणत होत्या. “रंगोली थी. मैं तो सोचती थी आजकल कितनी बढ़िया बना रही हो. सोचा घुटना ठीक हो गया.”

म्हणजे त्यांना अंधूक डोळ्यांनी ती माझ्याच हातची वाटत होती. मला हसू आलं आणि कमरेत कळ गेली.

डॉक्टर येऊन गेले. हाड शाबूत, कंबर लचकलीय, पडून राहा. जितूला फोन मीच केला. लपवता आलं असतं, भाभीही म्हणाल्या, छोड़ो, बच्चा परेशान होगा. पण शब्द दिला होता. फक्त एक गोष्ट मी त्याला सांगितली नाही. भाभी सकाळी का आल्या नाहीत, ते. त्यानं मांडी घालून, पट्टीनं दाबून चिकटवलेल्या गोष्टीनं आईला दुपारपर्यंत जमिनीवर ठेवलं, हे कुठली आई मुलाला सांगेल? भाभींनाही मी बजावलं, जितूसमोर रांगोळीचा विषय नको.

दुसऱ्या दिवशी तो आला. दारात थबकला. “आई, स्टिकर कुठे गेला?”

“उन्हानं निघाला,” मी म्हटलं.

तो चिडला नाही, हे मला जास्त लागलं. माझ्या उशापाशी बसला, हाताचे चटके बघितले आणि म्हणाला, “आता चलायचं ना आई?” आवाज इतका मऊ, की मला भांडायला जागाच मिळेना. मी म्हटलं, “चलायचं.”

मी बरी होईपर्यंत तो इथेच लॅपटॉप उघडून काम करत राहिला. वरण-भात लावायला शिकला, म्हणजे रोज करपवायला शिकला. बसता यायला लागल्याबरोबर मी एक हट्ट धरला. पलंगाशेजारी स्टूल ठेवायचं, त्यावर पाट, त्यावर मी बसल्या-बसल्या चार ठिपके जोडून रांगोळी काढणार, आणि जितूनं तो पाट न हलवता दारात नेऊन ठेवायचा. “हे काय नवीन?” तो म्हणाला. मी म्हटलं, “आजारी माणसाचे लाड.” त्यानं केले. रोज सकाळी पाट दोन्ही हातांत धरून, श्वास रोखून दाराकडे जायचा. मग मी खिडकीतून समोरच्या भिंतीवर पोळी येईपर्यंत बघायची.

भाभी रोज संध्याकाळी येऊन बसायच्या. पुण्याला जाण्याचं मी त्यांना सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू. गोड बातमी नव्हती ती, की पटकन तोंडातून निघावी. जीभच रेटेना.

निघायचा दिवस उजाडला. दुपारची गाडी. स्टेशनचं नाव बदललं तरी टॅक्सीवाल्याला जितूनं हबीबगंजच सांगितलं. बॅगा हॉलमध्ये उभ्या. कूलर झाकला, घागर पालथी घातली. पाट, रांगोळीचा डबा मी आदल्या रात्रीच बॅगेत भरले होते. बंद व्हायच्या घराच्या दारात कसली रांगोळी काढायची? चहा पिऊन समोर जायचं आणि भाभींना सांगायचं, असं मनाशी घोकत होते. जितू दूध तापवत होता.

तेवढ्यात दार असं वाजलं, की वाटलं कुणी तोडतंय.

जितूनं उघडलं. भाभी. घरातल्या मळक्या साडीत, केस मोकळे, हाताला कणीक. एका हातात माझी किल्ली, दुसऱ्यात फरशी पुसायच्या पोच्याची काठी, बहुतेक आधाराला. त्यांनी जितूला हातानं बाजूला सारलं.

“नलिनी कहाँ है?”

“आंटी, आई ठीक आहे. मतलब, ठीक हैं. क्या हुआ?”

“रंगोली कहाँ है?”

“रंगोली?” जितू गोंधळला. “आज नहीं बनाई. मैं हूँ ना घर में आंटी.”

“तुम हो तो क्या,” भाभी धापा टाकत म्हणाल्या. “उस दिन तो रंगोली भी थी, तब भी ये जमीन पर थी. वो तुम्हारी वाली, चिपकाने वाली. मैं अंधी देखती रही और खुश होती रही. जब इसने उखाड़ी, तब तो मुझे पता चला. अब आज ये भी नहीं है, तो मैं क्या समझूँ?”

मी मागून खुणा करत होते. पण त्यांना ऐकू येत नाही आणि दिसतही धड नाही, खुणांचा काय उपयोग?

जितू तिथेच उभा राहिला. एकेक गोष्ट त्याच्या चेहऱ्यावर उतरताना मला दिसत होती. दारातले गोंदाचे डाग, माझा भाजलेला हात, रोजचा पाट. तो माझ्याकडे वळला.

“उन्हानं निघाला म्हणालीस.”

“ऊन होतंच की,” मी म्हटलं.

डोळे पुसले त्यानं, सरळ पुसले, लपवले नाहीत. मीही नाही लपवले.

भाभींचं लक्ष तोवर बॅगांकडे गेलं. एक बॅग, दुसरी बॅग, झाकलेला कूलर. त्या हळूच सोफ्यावर बसल्या. काठी मांडीवर आडवी ठेवली.

“अच्छा,” म्हणाल्या. पुन्हा म्हणाल्या, “अच्छा. ले जाओ बेटा. माँ है तुम्हारी, तुम्हारा हक है.” मग माझ्याकडे न बघता, बोटांची कणीक खरवडत, “बस, मेरी रोटी कौन देखेगा?”

इतके दिवस आई एकटी आहे, आईकडे कोण बघणार, याचीच चर्चा चालली होती. माझ्याही डोक्यात तेच. मी कुणाकडे तरी रोज बघते, हे जितूच्या कुठल्याच हिशेबात नव्हतं.

मग वास आला. जळल्याचा. मी समोर बघितलं, भिंतीवर पोळी नव्हती.

“जितू, त्यांचा तवा,” मी म्हटलं. तो तसाच अनवाणी पळाला.

लगेच परत आला. गॅस बंद करून, काळीठिक्कर पडलेली पोळी भिंतीवर ठेवून. आत आला, सरळ माझ्या बॅगेपाशी बसला, चेन उघडली आणि माझ्या घड्या केलेल्या साड्या उपसायला लागला.

“अरे, काय करतोस? गाडी आहे ना?”

“माझी आहे,” तो म्हणाला. “तुझी नाही.”

साड्यांखालून त्यानं पाट काढला, रांगोळीचा डबा काढला. दारात स्टूल ठेवलं, त्यावर पाट. मला हाताला धरून आणून उभं केलं. मी उभ्यानंच चिमूट सोडायला लागले. एक रेघ वाकडी गेली. तो रस्ता ओलांडून भाभींच्या भिंतीपाशी, पोळी ठेवतात नेमका तिथे जाऊन उभा राहिला, आणि तिथून ओरडून सांगायला लागला, “स्टूल थोडं उजवीकडे घे. अजून थोडं. बस, दिसतंय.”

“तुला दिसून काय उपयोग?” मी इकडून म्हटलं. “त्यांना विचार.”

भाभी काठी टेकत त्याच्याजवळ जाऊन पोचल्या होत्या. त्यानं वाकून त्यांच्या कानात विचारलं. त्यांनी डोळ्यांवर हात धरला, बराच वेळ इकडे बघितलं आणि मान हलवली. मग भिंतीवरची जळकी पोळी उचलून त्या नवी करायला आत गेल्या. ती भिंतीवर येईपर्यंत मी दारात उभी राहिले.